आठवडा कसा गेला?

ये गं करुणा, इथं जवळ बस. लांब काहून बसतीस पाहुणीसारखी? अन् तो फोन पालथा ठेव आधी. मागच्या खेपेला आलीस तेव्हा ओसरीवर बसून त्या फोनशीच बोलून राहिली होतीस. मी चहा घेऊन आले, तर फोनला म्हणालीस, "एक मिनिट हं, मावशी आली." मी कुठं आले गं? मी इथंच होते. आलेली तू होतीस.

आता म्हणतीस, मावशी, आमच्या पुण्याच्या चर्चच्या मंडळीच्या अंकासाठी तुझ्या कामाबद्दल लिही. लिहिते. पण रागावूनच लिहिते, हे ध्यानात ठेव. अन् बाकीचे जे कोणी वाचतील त्यांनीही असं समजावं की आपण करुणाच्या शेजारी सतरंजीवर बसलोत आणि म्हातारी बोलतीय. मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही.

मी बायबलबाई होते. आताच्या पोरांना हा शब्दच ठाऊक नाही. पाळक उपासना चालवतो, बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, मेल्या माणसाला माती देतो. बायबलबाई घरोघर जाते. कोणी बाळंतीण आहे, कोणी अंथरुणाला खिळलंय, कुठं सासू-सुनेचं वाजलंय, तिथं जाऊन बायकांत बसायचं. एखादं गाणं म्हणायचं, शास्त्रातला तुकडा वाचून दाखवायचा, प्रार्थना करायची आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. पाळक व्यासपीठावरून बोलतो, आम्ही चुलीपाशी. व्यासपीठावरच्या माणसाला मधे कोणी टोकत नाही. चुलीपाशी तुम्ही डोळे मिटून प्रार्थनेच्या ऐन भरात असता आणि बाई म्हणते, "थांबा जरा, दूध उतू चाललं." मग देवालाही थांबावं लागतं.

शाळेचं म्हणशील तर मी शाळेत गेलेच नाही. आई हळदीच्या रानात कामाला जायची, मी तिच्यासंगं. पण उपासनेतली गाणी मला सगळी पाठ. एक दिवस गाण्याचं पुस्तक हातात घेतलं आणि मनाशी म्हणलं, गाणं तर मला येतंय, म्हणजे या कागदावर तेच लिहिलेलं असणार. मग तोंडानं गाणं म्हणायचं आणि बोट अक्षरावरून सरकवायचं. कधी गाणं संपायचं अन् बोट मधेच राहायचं, कधी बोट पुढं पळायचं. असं करत करत एक दिवस दोघं बराबर पोचले. पुढं कितीतरी दिवस मला गाण्याचं पुस्तक सोडून दुसरं काहीच वाचता येत नव्हतं. पण मग एकदा एसटीच्या पाटीवर 'वसमत' वाचलं आणि एवढी हरखले, की पाटी वाचत उभी राहिले आणि गाडी निघून गेली.

माझी पहिली नेमणूक कनेरगाव नाक्याकडची. त्या रस्त्यावर एक ढाबेवाला होता. हिंदू माणूस, कपाळाला गंध, गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो. मी एसटीची वाट बघत त्याच्या बाकड्यावर बसायची. त्याची म्हैस एकदा आजारी पडली, मी सहज प्रार्थना केली, म्हैस उठली. आता ती डॉक्टरच्या सुईनं उठली का प्रार्थनेनं, ते म्हशीलाच ठाऊक. पण त्या दिवसापासून त्याचा नेम झाला. नवी भट्टी बांधली, बोलाव बाईला. पोरीला बघायला पाहुणे येणार, बोलाव बाईला. चहाचे पैसे कधी घेतले नाहीत त्यानं. फक्त एक अट होती. म्हणायचा, "बाई, प्रार्थना करा, पर लहान करा. गिऱ्हाईक खोळंबून राहिलंय." खरं सांगते, थोडक्यात प्रार्थना करायला मला कोण्या पाळकानं शिकवलं नाही, त्या ढाबेवाल्यानं शिकवलं.

आणि बसायला शिकवलं एका आईनं. सिद्धेश्वरच्या धरणावर मासेमारी करणारं घर होतं. त्यांचा तरणाताठा पोरगा पाण्यात गेला. मला कळलं तशी मी गेले. वाटेनं कोणता भाग वाचायचा, काय बोलायचं, सगळं जुळवत गेले. दारात पाय टाकला, पुस्तक उघडलं, तर ती माय म्हणाली, "बाई, आज देवाचं सांगू नको. बसायचं तर बस." मी पुस्तक मिटलं. ती गुंतलेलं जाळं मांडीवर घेऊन त्याच्या गाठी सोडवत होती. माझ्या हातात तिनं दुसरं टोक दिलं. दिवस कलंडेपर्यंत आम्ही दोघी जाळं सोडवत बसलो. निघताना म्हणाली, "उद्या येतीस का?" एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र तेच.

आता आपल्या गावाकडं येते. तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही.

वसमतपासून आत आमचं गाव. गावाच्या कडेला आमचं लहानसं चर्च, गावातले सगळे त्याला 'येशूचं देऊळ' म्हणतात. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिली घंटा झाली की अंघोळी उरकायच्या, दुसरीला निघायचं. आत बाकं नाहीत. खाली सतरंज्या, एका बाजूला गडी, एका बाजूला बायका. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि पाठ टेकायला भिंत. वर्षानुवर्षं डोकी टेकून टेकून चुन्याच्या भिंतीवर तेलाचे डाग उमटलेत. खिडकीपाशी उंचावर डाग आहे तो तुझ्या काकाचा, माझ्या मालकाचा; ढोलकी वाजवताना डोकं मागं टाकायचे. कोपऱ्यातला बुटका डाग तुझ्या आईचा. दर नाताळाला मी भिंतीला चुना देते, पण डाग तेवढे सोडून. बघणाऱ्याला वाटतं म्हातारीला दिसत नाही.

गाण्याची पुस्तकं काढून बघशील, तर उत्तम शुक्रवारच्या, तुमच्या गुड फ्रायडेच्या, गाण्यांची पानं पिवळी दिसतील. तो दिवस हळद शिजवायच्या हंगामातच येतो. बायका कढईपासून उठून तशाच यायच्या. हात कितीही घासले तरी हळद जाते का? म्हणून प्रभूच्या दुःखाची पानं तेवढी पिवळी. नाताळची पांढरी आहेत.

आणि आमच्या इथली एक रीत, जी मी दुसऱ्या कुठल्या चर्चमधे पाहिली नाही. फार पूर्वी इथं एक म्हातारे पाळक होते. तेव्हा मंडळीत वाचता येणारं कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी उपासनेची सुरुवातच सवाल-जवाबानं ठेवली. पुढं उभा राहणारा विचारतो, "मंडळी, आठवडा कसा गेला?" आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हाताला धरून नेलं त्यानं." एवढंच. पण त्यात एक नियम आहे. ज्याला त्या आठवड्यात असं म्हणवत नसेल, त्यानं गप बसावं. कोणी त्याच्याकडं वळून बघू नये. बाकीच्यांनी त्याच्या वाटचंही म्हणावं, म्हणून मोठ्यानं म्हणावं.

माझे मालक गेले त्या रविवारी मी गप होते. रागावले होते देवावर. आणि भिंती हादरतील एवढ्या मोठ्यानं मंडळीनं माझ्या वाटचं म्हणलं. तुझी आई माझ्या शेजारी होती, तिचा आवाज तर फाटला. मला अजून ऐकू येतो.

मग एकेक घर उठलं. कोणी साखर कारखान्याला गेलं, कोणी संभाजीनगरला, कोणी तुझ्यासारखं पुण्याला. कोणी वाईट म्हणून गेलं नाही, पोट नेईल तिथं माणूस जातंच. म्हातारे होते ते मातीआड झाले. तुझी आई तुझ्याकडं आली. आणि एका रविवारी मी दुसरी घंटा दिली, आत गेले, तर मी एकटीच.

पण सवाल तर विचारायचा. मी पुढं जाऊन उभी राहिले, विचारलं, "मंडळी, आठवडा कसा गेला?" मग चालत आपल्या जागेवर आले, भिंतीला टेकून बसले आणि जवाब दिला, "हाताला धरून नेलं त्यानं." मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि परत पुढं. हसतीस काय? पुढं उभ्या माणसानं आपलाच जवाब आपणच द्यायचा नसतो. जागेवरून द्यायचा असतो.

तू मला फोनवर तुमच्या पुण्याची उपासना लावून दिलीस. चांगली आहे, पेटी सुरात आहे. पण तुमचे पाळक म्हणाले, "प्रभूची स्तुती असो," आणि मी एवढ्या मोठ्यानं जवाब दिला की बाहेरची कोंबडी उठली. फोनमधल्या एकाही माणसानं मान वळवली नाही. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मी बंद केला.

आमचे आताचे पाळकसाहेब वसमतला राहतात. तरुण आहेत, चांगले आहेत, कितीतरी गावं सांभाळतात. उन्हातान्हाचे मोटारसायकलवर फिरून काळे पडलेत. ते एकदा आले आणि ओसरीवर बसून खाली बघत म्हणाले, "आजी, कमिटीचं म्हणणं आहे, इथलं चर्च आता बंद करावं. तुम्हाला रविवारी वसमतला न्यायची सोय करू. सुगीच्या सणानंतर चावी माझ्याकडं द्या."

मी म्हणलं, "साहेब, उपासना तर चालू आहे."

"आजी, एकट्या माणसाची प्रार्थना होते. उपासनेला मंडळी लागते. तुमच्याच रीतीनं बघा, जवाब द्यायला कोणी तरी पाहिजे का नको?"

माझ्याच रीतीनं मला बांधलं त्यांनी.

त्याच दिवसांत तुझी आई गेली. तुम्ही तिला पुण्यात माती दिली. मी आले, मूठभर माती टाकली आणि परत फिरले. तू राहा म्हणत होतीस. पण मला रविवार गाठायचा होता.

आता गयाबाईचं सांगते. गयाबाई म्हणजे चर्चच्या पलीकडं राहणारी, माझ्याच वयाची. बौद्ध घर. जन्मभर रानात राबली, दोन्ही पोरं शिकवून नोकरीला लावली. मी नव्यानं या गावात आले तेव्हा पुस्तक काखोटीला मारून तिच्याकडं जायची. ती भाकरी थापत ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "बाई, तुझा देव चांगला असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर आमच्या मागच्या पिढ्यांची मान वाकून वाकून मोडली. आत्ता कुठं वर केलीय. पुन्हा कोणापुढं वाक म्हणू नको. बस, भाकर खा." मी भाकर खाल्ली. पुढं कितीदा तरी खाल्ली, पण तो विषय परत काढला नाही. माझ्या कामात ज्या घरी माझी डाळ शिजली नाही, त्यातलं पहिलं घर तिचं. आणि माझ्या डाळीला मीठ कमी पडलं तर हक्कानं मागावं असंही घर तेच.

चर्चच्या पायरीवर सकाळचं ऊन येतं. तिथं बसून रविवारी ती धान्य निवडते. म्हणते, "तुमच्या देवाच्या पायरीचं ऊन चांगलंय, त्यात जातपात न्हाई." दार उघडं असतं. आतलं सगळं तिला ऐकू जातं, इतकी वर्षं जातंय.

तर पुण्याहून आल्यानंतरचा तो रविवार. दुसरी घंटा दिली, पुढं उभी राहिले. त्या कोपऱ्यातला बुटका डाग समोरच दिसतो. विचारलं, "मंडळी, आठवडा कसा गेला?" आणि जागेवर येऊन बसले. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. बहीण गेली होती गं माझी. कोण्या तोंडानं म्हणू हाताला धरून नेलं? म्हणवत नसेल त्यानं गप बसावं, असा नियम. मी गप बसले. पण बाकीचे कुठं होते? माझ्या वाटचं म्हणायला कोण होतं? लिंबावर साळुंक्या भांडत होत्या, तेवढाच आवाज. मला वाटलं, झालं. पाळकसाहेब बरोबर म्हणत होते. आज संपलं.

आणि पायरीवरून आवाज आला, "हाताला धरून नेलं."

मी वळून बघितलं. गयाबाईच्या मांडीवर सूप, नजर सुपातल्या तुरीवर. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्हण पुढं. थांबलीस काहून?"

मी पुढं म्हणलं. गाणं म्हणलं, वाचलं, प्रार्थना केली. सगळं झाल्यावर पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसले. विचारलं, "गया, तू काहून जवाब दिलास?"

ती म्हणाली, "आमच्या विहारात वंदना असती. एकानं म्हणलं की बाकीच्यांनी मागून म्हणायचं असतं. पुढचा बोलला आन् मागून आवाजच आला न्हाई, तर छातीत कसंतरी होतं. तू दर रविवारी उठून-बसून दोन्हीकडचं बोलतीस, ते मी चालवून घेतलं. आज तुला जमंना. मला ऐकवंना."

मी तिचा हात धरला, तर झटकून म्हणाली, "हे बघ, मी काही तुझ्यात येत न्हाई, हां! आन् कोणी नेलं तेबी मी म्हणले न्हाई. तू म्हण तुझ्या देवानं. मला तर माझ्या सुनेनं नेलं, डोळ्याला दिसंना झालंय तर."

तेव्हापासून दर रविवारी तसंच. मी आतून विचारायची, ती पायरीवरून जवाब द्यायची. कधी उशीर झाला तर आधीच ओरडायची, "अगं विचार लवकर, मला भाजी टाकायचीय!" कनेरगावचा ढाबेवाला आठवायचा मला.

सुगीचा सण आला. पूर्वी या दिवशी चर्चमधे पाय ठेवायला जागा नसायची. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, कोंबड्या, भोपळे, ज्याच्या घरी जे पिकेल ते पुढं आणून ठेवायचे. या वेळी मी माझ्या परसातली वांगी ठेवली. शेजारी बघते तर गयाबाईनं ओंजळभर तूर ठेवलेली. "निवडलेली आहे," एवढंच म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली.

पाळकसाहेब चावी न्यायला आले होते. पुढं तेच उभे राहिले, थोडे कसनुसे होत. त्यांनी विचारलं, "मंडळी, आठवडा कसा गेला?"

मी आतून म्हणलं, गयाबाईनं बाहेरून. दोन म्हाताऱ्या आवाजांची मंडळी. साहेब दचकून दाराकडं बघायला लागले.

उपासना झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, या बाई आपल्या मंडळीत आहेत?"

गयाबाईनं ऐकलं. कान तिचे शाबूत आहेत. "न्हाई बाबा, मी शेजारीण हाये. जवाब देते फक्त."

साहेब म्हणाले, "तसं चालतं का, मला वर विचारावं लागेल."

"वर म्हंजे? आभाळात?" तिनं विचारलं.

"नाही आजी, कमिटीत."

"मंग लई टाइम लागंल," गयाबाई म्हणाली. "आभाळात लवकर जवाब आला असता."

साहेब हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले, ते मी पाहिलं. चावी मी पुढं केली होती. त्यांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली आणि म्हणाले, "नाताळपर्यंत राहू द्या. नाताळच्या उपासनेला मी येतो. त्या दिवशी तुमच्याशिवाय आपल्या मंडळीतलं एक जरी माणूस आत बसून जवाब देणारं दिसलं, तर मी कमिटीशी भांडतो. नसेल, तर आजी, मला मग काही बोलता येणार नाही."

मी म्हणलं, बरं.

आता नाताळ आला. आणि गयाबाई चालली नांदेडला, डोळ्याच्या ऑपरेशनला. तिची पोरगी तिथं असते, ती काही दिवस ठेवून घेणार. काल गाठोडं बांधताना मला म्हणाली, "तुझ्या लोकांना बोलव की. मी काय जन्मभर तुझा जवाब देऊ? तुझी ती पुण्याची भाची काय करून राहिली?"

मी म्हणलं, "ती फोनवर असती."

"मंग फोनवरच सांग तिला."

फोनवर सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, एक मिनिट हं मावशी. म्हणून हे लिहिलं. तुला माझं काम विचारायचं होतं ना? काम एवढंच. कोणाच्या आठवड्यात काय झालं ते त्याच्याजवळ बसून ऐकायचं, आणि त्याला बोलवत नसेल तेव्हा त्याच्या वाटचं बोलायचं. मी जन्मभर लोकांच्या वाटचं बोलले. आता माझ्या वाटचं बोलायला पायरीसुद्धा रिकामी आहे.

परवा चुना दिला. तुझ्या आईचा डाग सोडलाय. त्याच्याखाली सतरंजी टाकून ठेवते, लेकरांना घेऊन तिथं बस. तुझ्या मनात देवावर राग असेल, तरी ये. म्हणवलं नाही तर गप बस. मी मोठ्यानं म्हणेन, आवाज आहे अजून. आणि मला म्हणवलं नाही, तर तू म्हण.

वसमतला उतरलीस की गावाची गाडी मिळते. नाहीच मिळाली तर स्टँडवर कोणालाही विचार, येशूच्या देवळाचं गाव कोणतं म्हणून. पण दुसऱ्या घंटेच्या आत ये, बाई. मी पहिली जरा लवकरच देईन.